पंडित अर्जुनलालजी सेठी : एक विस्मृत क्रांतिकारक विचारवंत

महाराष्ट्रातील जैन समाजात कारंजा आणि बाहुबली ही दोन नावे ज्या घरात ठाऊक नाहीत असे घर विरळाच. १९१८ साली कारंजा येथे श्री महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला, १९३४ साली कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगराच्या सान्निध्यात दुसरा आश्रम उभा राहिला आणि पुढे ठिकठिकाणी गुरुकुलांची एक परंपराच निर्माण झाली. या परंपरेचे प्रवर्तक म्हणजे करमाळ्याचे देवचंद शहा, अर्थात पुढील काळातील परमपूज्य समंतभद्र महाराज. समाज त्यांना आदराने ‘गुरुदेव’ म्हणतो. या गुरुकुलांतून शिकून बाहेर पडलेले शिक्षक, व्यापारी, वकील आणि डॉक्टर आज गावोगावी आहेत.

परंतु गुरुदेवांच्या तारुण्यातही एक शिक्षक होते. त्यांच्या विद्यालयाची कीर्ती ऐकून सोलापूरकडील काही तरुण घरदार सोडून थेट जयपूरला गेले. त्या तरुणांपैकी एक पुढे मुनिपदाला पोहोचला आणि एक फासावर गेला. ज्या शिक्षकाच्या एका छपराखाली हे दोघे बसले, त्या शिक्षकाचे नाव समाजाच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहे. ते नाव पंडित अर्जुनलालजी सेठी.

अर्जुनलालजींचा जन्म ९ सप्टेंबर १८८० रोजी जयपूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्या वेळी जयपूर हे संस्थान होते आणि त्यांच्या जन्माच्याच वर्षी महाराजा सवाई माधोसिंह दुसरे गादीवर आले. संस्थानी राज्यात विद्येला मान होता, पण विचाराला मोकळीक नव्हती. दरबाराची मर्जी आणि दरबारावर इंग्रज रेसिडेंटची नजर, अशा दुहेरी छायेत जयपूरचे व्यापारी आणि कारकून वर्ग वावरत असे. अर्जुनलालजी १९०२ साली बी. ए. झाले. त्याच वर्षी महाराजा माधोसिंह सम्राट एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले आणि धर्म बुडू नये म्हणून चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर घेऊन गेले. त्या घागरी आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये प्रवाशांना कौतुकाने दाखवल्या जातात. धर्म सांभाळायचा तो परक्या सम्राटाच्या समारंभाला हजर राहून, ही त्या काळची रीत होती. त्याच शहरातील बावीस वर्षांच्या पदवीधर तरुणाच्या मनात धर्म सांभाळण्याची निराळीच कल्पना आकार घेत होती.

त्या काळी जैन समाजात बी. ए. झालेला मनुष्य म्हणजे अपूर्वाई. संस्थानात मोठ्या हुद्द्याची नोकरी त्यांना सहज मिळण्यासारखी होती. चौमूच्या जहागिरीत त्यांनी काही काळ काम केलेही. पण नोकरीत त्यांचे मन रमले नाही. राज्याकडून नोकरीविषयी विचारणा झाली तेव्हा, अर्जुनलालने नोकरी केली तर इंग्रजांना देशाबाहेर कोण घालवणार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका राजस्थानात सांगितली जाते. उत्तराचे नेमके शब्द काहीही असोत, त्यांनी नोकरीचा मार्ग सोडला हे सत्य आहे. त्या काळच्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता.

त्यांनी हाती घेतले ते शिक्षणाचे कार्य. १९०५ च्या सुमारास जैन शिक्षा प्रचारक समितीची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन वर्षांत जयपुरात वर्धमान विद्यालय नावारूपाला आले. तत्कालीन जैन शिक्षणाची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या विद्यालयाचे महत्त्व कळणार नाही. एकीकडे पाठशाळा होत्या. तेथे सूत्रे आणि स्तोत्रे मुखोद्गत करून घेतली जात, अर्थाकडे क्वचितच लक्ष दिले जाई. दुसरीकडे सरकारी शाळा होत्या आणि त्यांचा हेतू कारकून तयार करण्याचा होता. व्यापाऱ्याच्या मुलाला तर दोन्हींची गरज भासत नसे. मोडी किंवा महाजनी लिपी, पाढे, व्याजाचे हिशेब आणि वही लिहिणे एवढे आले की तो दुकानाच्या गादीवर बसे. सेठीजींनी हे तिन्ही प्रवाह बाजूला ठेवून निराळी घडी बसवली. विद्यार्थ्यांनी गुरुजनांच्या सहवासात राहावे, व्रतस्थ जीवन जगावे, धर्मग्रंथ अर्थासह शिकावेत आणि त्याबरोबरच आपला देश कोणत्या अवस्थेत आहे हेही जाणून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः सेठीजी संस्कृत, इंग्रजी आणि फारसी जाणणारे, जैन तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि प्रभावी वक्ते होते. १९०५ च्या वंगभंगानंतरचा, स्वदेशी आणि बहिष्काराचा तो काळ होता.

त्यांच्या विचाराचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि निर्भयता ही केवळ मंदिरात आचरण्याची व्रते नाहीत. ज्याला स्वतःसाठी काही साठवायचे नाही आणि मृत्यूचे भय नाही, तोच देशाचे कार्य करू शकतो. म्हणून व्रती मनुष्य हाच खरा राजकीय कार्यकर्ता होय. मोक्षमार्गाचे शिक्षण आणि स्वातंत्र्याचे शिक्षण या दोन शाळा त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जेव्हा समाजाचे बहुतेक पुढारी सरकारदरबारी निष्ठेचे ठराव पाठवण्यात धन्यता मानत, तेव्हा हा विचार अत्यंत जहाल होता.

विद्यालयाचे दार केवळ जैन मुलांसाठी उघडे नव्हते. मेवाडमधील शाहपुऱ्याचे चारण घराण्यातील कवी आणि देशभक्त ठाकूर केसरीसिंह बारहट यांचे चिरंजीव प्रतापसिंह हे सेठीजींचे विद्यार्थी. केसरीसिंहांचे बंधू जोरावरसिंह याच वर्तुळातले. दिल्लीचे मास्टर अमीरचंद आणि त्यांच्यामार्फत रासबिहारी बोस यांच्याशी सेठीजींचा संबंध आला. उत्तर हिंदुस्थानात जी गुप्त क्रांतिकारक संघटना विणली जात होती तिच्या राजपुतान्यातील शाखेचे सेठीजी हे एक प्रमुख आधार मानले जात. अशा रीतीने एकाच वास्तूत दिवसा तत्त्वार्थसूत्राचा पाठ होई आणि रात्री देशाच्या मुक्तीची खलबते चालत.

याच सुमारास महाराष्ट्राशी त्यांचा दुवा जुळला. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झाली होती आणि तिच्या वार्षिक अधिवेशनांना समाजातील तरुण उत्साहाने जमत. सभेच्या निमित्ताने सेठीजी महाराष्ट्रात आले, त्यांची वाणी तरुणांनी ऐकली आणि सोलापूर जिल्ह्यातील काही मुलांनी जयपूरचा मार्ग धरला. त्यांत करकंबचे मोतीचंद शहा होते, माणिकचंद होते, करमाळ्याचे देवचंद होते. ही मुले खात्यापित्या व्यापारी कुटुंबांतील होती. सोलापूरकडच्या व्यापाऱ्याने मुलाला शिकायला फार तर पुण्या-मुंबईला धाडावे, असा तो काळ. आगगाड्या बदलत राजपुताना गाठायचा, तेथील बाजरीची भाकरी खायची आणि परक्या बोलीत शिक्षण घ्यायचे, हे त्या मुलांनी आपखुशीने पत्करले. शिक्षकाच्या सामर्थ्याचा याहून वेगळा पुरावा कोणता असू शकेल?

२३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीच्या चांदणी चौकात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यावर हत्तीवरून मिरवणुकीने जात असता बाँब टाकण्यात आला. हार्डिंग जखमी झाले, पण बचावले. देशभर पोलिसांचे जाळे पसरले. क्रांतिकारकांपुढे तेव्हा सर्वांत मोठी अडचण पैशाची होती. शस्त्रे, प्रवास, फरारी माणसांचा निर्वाह यांसाठी धन हवे आणि उघडपणे मागण्याची सोय नाही. या निकडीतून जो प्रकार घडला तो सेठीजींच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ जण तो एका वाक्यात उरकतात. तसे करणे योग्य ठरणार नाही.

बिहारमध्ये आरा भागात निमेज नावाचे एक गाव आहे. तेथील मठाच्या महंताजवळ मोठी संपत्ती आहे अशी माहिती मिळाल्यावरून २० मार्च १९१३ रोजी चार तरुण तेथे पोहोचले. मोतीचंद, माणिकचंद, जयचंद आणि जोरावरसिंह अशी त्यांची नावे सरकारी अहवालात नोंदलेली आहेत. विद्यालयातील एक शिक्षक विष्णुदत्त यांचा या योजनेत पुढाकार होता. महंत आणि त्याचा सेवक यांची हत्या झाली. ज्या धनासाठी हे केले ते मात्र हाती लागले नाही. जवळजवळ वर्षभर या खुनाचा तपास लागला नव्हता. पुढे दिल्लीच्या कटाचे धागेदोरे उलगडत असताना पोलीस जयपूरच्या विद्यालयापर्यंत आणि तेथून निमेजपर्यंत पोहोचले. मोतीचंद यांना मृत्युदंड झाला आणि १९१५ मध्ये ते फासावर गेले. विष्णुदत्त यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोरावरसिंह निसटले ते निसटलेच. १९३९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी वेष पालटून रानोमाळ भटकत दिवस काढले, पण ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

जैन वाचकाच्या मनात येथे जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येणारा नाही. अहिंसा हा ज्यांचा परमधर्म, त्या घरातील मुले खुनाच्या वाटेला गेली कशी? आचार्यांनी गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग अनिवार्य आहे. स्वयंपाकपाण्यात, शेती-व्यापारात आणि आत्मरक्षण वा देशरक्षण करताना जी हिंसा घडते ती त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, म्हणून ती मर्यादेत ठेवण्यास सांगितले आहे. याच आधारावर चामुंडराय सेनापती असूनही सम्यक् श्रावक होते आणि गोम्मटेशाची मूर्ती घडवू शकले. होयसळांचा सेनापती गंगराज हाही जैनच. राणा प्रतापांना लढाईसाठी आपले धन अर्पण करणारे भामाशाह तर सेठीजींच्या राजपुतान्यातलेच. परकीय सत्तेविरुद्ध शस्त्र धरणे ही विरोधी हिंसा होय, असा युक्तिवाद त्या पिढीतील जैन तरुणांनी केला असेल तर त्याला परंपरेत आधार सापडतो.

पण निमेजच्या महंताने कोणावर आक्रमण केले होते? तो परकीय नव्हता, सत्ताधारी नव्हता, शत्रू नव्हता. त्याच्याजवळ पैसा आहे एवढाच त्याचा अपराध. त्याचा सेवक तर त्याहूनही निरपराध. धनाच्या हेतूने, आधी ठरवून केलेली ती हत्या होती आणि शास्त्राच्या कोणत्याही मापाने ती संकल्पी हिंसाच ठरते. मोतीचंद यांचे तारुण्य, त्यांची देशभक्ती आणि त्यांनी धैर्याने पत्करलेला मृत्यू यांविषयी कितीही आदर वाटला तरी या गोष्टीवर पांघरूण घालता येत नाही. खर्चाची रक्कम न मांडता केवळ जमेची बाजू दाखवणारी वही व्यापारातही खोटीच समजली जाते.

सेठीजींचा या कृत्यात हात होता काय? सरकारला तसा दाट संशय होता. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात त्यांच्या विद्यालयाचा आणि त्यांच्या शिकवणुकीचा उल्लेख आहे. परंतु न्यायालयात उभे करून शिक्षा देता येईल असा पुरावा सरकारजवळ नव्हता. शिष्याच्या प्रत्येक कृतीची जबाबदारी गुरूवर टाकावी असे नाही. मात्र गुरूच्या शब्दांनी मुलांच्या मनात जी आग पेटली तिचे चटके कोणाला बसतील, याचा विचार गुरूने करावयाचा असतो, एवढे तर म्हणावेच लागते.

या सुमारास सेठीजी इंदूर येथे जैन विद्यालयात काम करीत होते. १९१४ मध्ये त्यांना तेथे अटक झाली आणि जयपूरला आणण्यात आले. खटला भरला नाही, आरोप सिद्ध केला नाही, साक्षीपुरावा झाला नाही. इंग्रजांच्या इशाऱ्यावरून संस्थानाने त्यांना तुरुंगात डांबले. पुढे राजपुतान्यात ठेवणेही धोक्याचे वाटल्यावरून त्यांची रवानगी मद्रास इलाख्यातील वेल्लोरच्या तुरुंगात झाली. भाषा अनोळखी, अन्न अनोळखी, भेटीला येणारे कोणी नाही. दैवाचा खेळ असा की वेल्लोरच्या आसपासचा तोंडईमंडलम् प्रदेश म्हणजे प्राचीन तमिळ जैनांची भूमी. तिरुमलैच्या टेकडीवरील नेमिनाथांची भव्य मूर्ती तेथून फार लांब नाही. पण तुरुंगातील या श्रावकाला जिनप्रतिमेचे दर्शनही घडत नव्हते.

देवदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा सेठीजींचा नियम होता. जयपूरला असताना तो पाळणे सोपे होते. वेल्लोरला प्रतिमा नाही म्हणून त्यांनी अन्न वर्ज्य केले. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. कैद्याने राजकीय हक्कांसाठी उपोषण करावे हे त्यांना कळू शकत होते, पण एका छोट्या मूर्तीसाठी मनुष्य देह झिजवतो हे त्यांच्या आकलनापलीकडचे होते. उपवास लांबत गेला, प्रकृती खालावली, वृत्तपत्रांतून बोभाटा झाला. डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी सेठीजींचा प्रश्न लावून धरला. जैन समाजातूनही लखनौचे वकील अजितप्रसादजी आणि ब्रह्मचारी शीतलप्रसादजी यांच्यासारख्या मोजक्या मंडळींनी धडपड केली. अखेर तुरुंगात जिनप्रतिमा पोहोचली आणि सेठीजींनी पारणे केले.

मोजक्या मंडळींनी, हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. समाजातील धनिक आणि पदवीधारी वर्ग त्या वर्षांत बहुतांशी गप्प होता. सेठीजींची बाजू घेणे म्हणजे राजद्रोह्याची बाजू घेणे, अशी भीती होती. दुकाने होती, ठेकेदारी होती, रावबहादुरीच्या पदव्या होत्या. भीतीला कारण होते हे मान्य करावे लागते. पहिले महायुद्ध चालू होते आणि सरकार कोणाच्याही घराची झडती घेऊ शकत होते. तथापि, ज्याने समाजाच्या मुलांना शिकवण्यासाठी नोकरी सोडली त्याची पत्नी आणि मुले कशी जगतात, याची चौकशी करायला धाडस लागत नव्हते. तीही फारशा कोणी केली नाही.

महायुद्ध संपल्यावर, १९२० च्या सुमारास सेठीजींची सुटका झाली. वेल्लोरहून उत्तरेकडे परतताना पुण्याच्या स्टेशनवर त्यांचे उत्स्फूर्त स्वागत झाले आणि त्या स्वागताला लोकमान्य टिळक स्वतः उपस्थित होते, ही महाराष्ट्राने अभिमानाने जपावी अशी आठवण आहे. मंडालेची सहा वर्षे भोगून १९१४ मध्ये सुटलेले लोकमान्य आणि त्याच वर्षी तुरुंगात गेलेले सेठीजी यांची ही भेट. त्यानंतर थोड्याच काळात, १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले. इंदूरला तर विद्यार्थ्यांनी सेठीजींच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली.

संस्थानी जयपुरात राहून कार्य करणे शक्य नव्हते. म्हणून सेठीजींनी ब्रिटिश अमलाखालील अजमेर ही आपली कर्मभूमी निवडली. ते काँग्रेसमध्ये सामील झाले, असहकाराच्या चळवळीत त्यांनी पुन्हा तुरुंगवास भोगला. त्यांना मध्य प्रांतातील सागरच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते. बाहेर आल्यावर ते पूर्वीचे सेठीजी राहिले नव्हते, किंवा असे म्हणावे की त्यांच्या विचाराची पुढची पायरी आता दिसू लागली. हिंदू-मुस्लिम ऐक्य हा त्यांच्या राजकारणाचा गाभा झाला. अजमेर हे ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याचे शहर असल्याने तेथे हा प्रश्न केवळ भाषणाचा नव्हता, रोजच्या व्यवहाराचा होता. काकोरी प्रकरणानंतर फरारी झालेल्या क्रांतिकारकांनाही त्यांचा आधार होता असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. काँग्रेसमधील गांधीवादी मंडळींशी मात्र त्यांचे जमले नाही. प्रांतिक काँग्रेसवरील वर्चस्वासाठी अजमेरमध्ये वर्षानुवर्षे ओढाताण चालली आणि त्यात सेठीजी हळूहळू एकटे पडत गेले. त्यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. ज्या कठोरपणामुळे वेल्लोरला ते टिकले त्याच कठोरपणामुळे समितीच्या बैठकीत ते अनेकांना नकोसे झाले. जुलै १९३४ मध्ये महात्मा गांधी हरिजन दौऱ्यात अजमेरला आले असता ते होऊन सेठीजींच्या घरी गेले आणि मतभेद बाजूला ठेवून त्यांना पुन्हा कार्यात येण्याची गळ घातली. गांधीजींना या मनुष्याचे मोल कळले होते, असे दिसते.

सेठीजींच्या लेखनाचा विचार येथे करायला हवा, कारण राजकारणाच्या धामधुमीत तो मागे पडतो. ‘महेंद्रकुमार’, ‘मदन पराजय’ आणि ‘पार्श्व यज्ञ’ यांबरोबरच ‘शूद्र मुक्ती’ आणि ‘स्त्री मुक्ती’ या शीर्षकांची पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. शेवटची दोन शीर्षके जैन वाचकाने थांबून वाचावीत. आजच्या भाषेत स्त्रीमुक्ती म्हणजे स्त्रियांचे हक्क. पण जैन दर्शनात हा हजार-दीड हजार वर्षांचा पारिभाषिक वाद आहे. स्त्रीपर्यायातून थेट मोक्ष मिळतो की नाही, या प्रश्नावर श्वेतांबर आणि दिगंबर आचार्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आणि दिगंबर परंपरेने त्याला नकार दिला. त्या परंपरेत जन्मलेल्या, तिच्याच शास्त्रांत पारंगत असलेल्या पंडिताने हे दोन शब्द मुखपृष्ठावर छापावेत, हे साधे धाडस नव्हे. शास्त्रातील मुक्ती आणि समाजातील मुक्ती यांच्यामध्ये भिंत घालण्यास त्यांची तयारी नव्हती. ज्याला देश स्वतंत्र हवा त्याला स्त्री आणि शूद्र बंधनात ठेवता येणार नाहीत, ही त्यांची भूमिका राजकारणातल्या भूमिकेशी पूर्ण सुसंगत होती. समाजाने त्यांचा बाँबशी जोडला गेलेला काळ कदाचित माफ केला असता. पंगती आणि मंदिराची दारे यांविषयीचे त्यांचे विचार माफ करणे त्याहून अवघड गेले असावे.

अखेरची वर्षे हलाखीत गेली. पक्षात स्थान नाही, समाजात आधार नाही, उत्पन्नाचे साधन नाही. अशा अवस्थेत दर्ग्याच्या परिसरात मुस्लिम मुलांना शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्यावर गुजराण केली. ज्याने जैन मुलांसाठी विद्यालय काढले तो मनुष्य अखेरीस शिक्षकच राहिला, फक्त समोरची मुले बदलली. डिसेंबर १९४१ मध्ये अजमेर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अंतकाळी जवळ असलेल्या मुस्लिम स्नेह्यांनी त्यांचे दफन केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. स्वातंत्र्य तेव्हा अवघे साडेपाच वर्षे दूर होते. १९५२ साली अयोध्याप्रसाद गोयलीय यांनी ‘जैन जागरण के अग्रदूत’ या हिंदी ग्रंथात सेठीजींचे जे चित्र रेखाटले, त्यात समाजाच्या कृतघ्नतेविषयीचा संताप लपून राहिलेला नाही. गोयलीय स्वतः मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले गृहस्थ असल्याने त्यांच्या संतापाला अधिकार होता. जयपुरात आज पंडित अर्जुनलाल सेठी यांच्या नावाने वसाहत आहे.

मोतीचंद यांच्या सहाध्यायी देवचंद यांचे काय झाले, हे अर्थातच सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातील सालांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. १९१५ मध्ये मोतीचंद फासावर गेले. १९१८ मध्ये सेठीजींचे लाडके शिष्य प्रतापसिंह बारहट बरेलीच्या तुरुंगात छळ सोसून मरण पावले. त्याच १९१८ मध्ये रौलट समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जयपूरच्या विद्यालयावर राजद्रोहाचा शिक्का कायमचा बसला. सेठीजी त्या वर्षी बंदिवासातच होते. आणि त्याच वर्षी, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, देवचंद यांनी कारंजा येथे मूठभर मुलांना घेऊन ब्रह्मचर्याश्रम सुरू केला.

गुरू तुरुंगात, मित्र स्मशानात, अशा वेळी सत्तावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या पदवीधर तरुणापुढे दोन सोपे मार्ग होते. सूडाचा एक आणि विस्मरणाचा दुसरा. करमाळ्याला परतून घरचा व्यापार पाहिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. देवचंद यांनी तिसराच मार्ग काढला. जयपूरच्या विद्यालयातून त्यांनी गुरूंची शिक्षणपद्धती घेतली : सहनिवास, व्रतस्थ आयुष्य, अर्थासह धर्मशिक्षण, साधी राहणी, आणि शिक्षकाने स्वतःचा संसार न थाटता संस्थेलाच संसार मानणे. पिस्तूल मात्र त्यांनी घेतले नाही. निमेजच्या प्रकाराने त्यांच्या मनावर कोणता परिणाम झाला याविषयी त्यांनी फार बोलून दाखवले नाही, परंतु त्यांच्या उर्वरित सात दशकांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही. सेठीजींच्या शिकवणीतील जे अंग त्या रात्री आरा भागात रक्तात भिजले ते त्यांनी सोडून दिले आणि जे अंग वेल्लोरच्या कोठडीत प्रतिमेसाठी उपाशी राहिले ते पुढे नेले.

१९३४ च्या ज्या वर्षी गांधीजी अजमेरच्या त्या घराची पायरी चढले, त्याच वर्षी बाहुबलीच्या डोंगराजवळ आश्रमाची स्थापना झाली. १९५२ मध्ये देवचंदजींनी मुनिदीक्षा घेतली आणि १९८८ पर्यंत या गुरुकुलांचा संसार त्यांच्या देखरेखीखाली वाढत राहिला. आजही तेथे कोवळ्या वयाची मुले पहाटे उठून प्रार्थनेला बसतात, आपली ताटे आपण धुतात आणि तत्त्वार्थसूत्राचा अर्थ शिकतात. या दिनक्रमाची पहिली आखणी एके काळी जयपूरच्या एका वास्तूत झाली होती.